डावीकडचा मागचा स्पीकर

पडद्यावर चितळ ओरडलं आणि मला ऐकू आलं नाही. मान वर, शेपूट ताठ, तोंड उघडं. खाली आवाजाच्या पट्टीत हिरवी रेघ उसळून खाली बसली. म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी ते व्यवस्थित ओरडलं होतं. पण ती हाक माझ्या पाठीमागून, डावीकडच्या स्पीकरमधून यायला हवी होती, आणि तिथून उशीखाली ठेवलेल्या फोनसारखं काहीतरी पुटपुटल्याचा नुसता भास झाला. मी परत लावलं. आवाज वाढवून परत लावलं. मग उगाचच उठून पाणी पिऊन आलो आणि पुन्हा लावलं.

मी म्हैसूरमध्ये घरी बसून आवाजाचं काम करतो. लोक चित्रीकरण करून आणतात, मी त्याला आवाज बसवतो. बहुतेक लग्नाच्या फिल्मा असतात, त्यात सनई आणि रडणं सोडून फारसं काही नसतं. त्या वेळी हातात होतं ते काम मात्र मोठं होतं. एच. डी. कोटेच्या पुढे कबिनीच्या पाण्याकाठी एक रिसॉर्ट आहे, त्यांना पाहुण्यांना अंधाऱ्या खोलीत बसवून दाखवायला जंगलाची फिल्म हवी होती. आवाज चहूबाजूंनी यायचा. समोर हत्ती पाणी पितोय, उजवीकडे मोर, आणि मागून, डाव्या हाताला, न दिसणाऱ्या झाडीतून चितळ वाघाची खबर देतं. पाहुण्यांनी दचकून मागे वळावं, एवढ्यासाठी सगळा खटाटोप. दसरा झाला की फिल्म द्यायची होती, आणि ती पसंत पडली तर पुढचं कामही मलाच मिळणार होतं.

माझ्या जागी दुसरा कोणी असता तर ‘स्पीकर बिघडला’ म्हणून वायर हलवायला लागला असता. माझ्या मनात पाल चुकचुकली ती दुसरीच. अप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, डावा कान साधारण माझ्याच वयात गेला होता. मग काही वर्षांनी उजवा. शेवटी शेवटी त्यांना जेवायला बोलवायचं तर आम्ही जाऊन खांद्यावर हात ठेवायचो, आणि ते दर वेळी दचकायचे. पण अप्पा कारखान्यात मशीनवर होते. बहिऱ्या माणसाला मशीन चालवता येतं. बहिऱ्या माणसाला माझं काम करता येत नाही, आणि मला दुसरं काही येत नाही. तेव्हा प्रश्न अगदी साधा होता: बिघाड त्या काळ्या डब्यात आहे, की माझ्यात? मला पोटातून, देवाला नवस बोलावा इतक्या कळकळीनं, तो डब्यात हवा होता.

डब्यावर संशय घ्यायला जागाही होती. दसऱ्यात आमच्या घरी बाहुल्या मांडतात. आमचे पूर्वज कधीकाळी म्हैसूरच्या फौजेत आले ते मराठी घेऊन. त्यांच्या तलवारी कुठे गेल्या कोणास ठाऊक, मराठी अर्धीमुर्धी उरली, पण इथल्या बाहुल्या मात्र घरात आल्या त्या कायमच्याच. लोखंडी ट्रंकांवर फळ्या टाकून पायऱ्या करायच्या, त्यावर पांढरं कापड, आणि कापडावर देव, वाजंत्री, सैनिक, किराणा दुकान मांडून बसलेले शेट्टी आणि शेट्टीण. हे सगळं घराच्या पुढच्या खोलीत होतं, आणि तीच माझी कामाची खोली आहे. दर वर्षी मी यावर भांडतो आणि दर वर्षी हरतो. अम्माचं म्हणणं, या खोलीत स्पीकर नव्हते तेव्हापासून बाहुल्या आहेत. (आमच्यात आईला अम्माच म्हणतात. माझी बायको साताऱ्याची. मराठी म्हणवता आणि आईला अम्मा म्हणता, असं ती लग्न झाल्यापासून म्हणत आली आणि हळूहळू स्वतःही अम्माच म्हणायला लागली.)

तर यंदा खोली झाडायच्या निमित्तानं दोघींनी माझे पाचही स्पीकर सोडवले, वायरी गुंडाळल्या, आणि झाडून झाल्यावर मनाला येईल तशा परत खोचल्या. पायऱ्या नेमक्या मागच्या डाव्या कोपऱ्यात उभ्या राहिल्या. जमिनीवर ठेवायचा, खर्जाचा आवाज घुमवणारा मोठा ठोकळा शेट्टीच्या दुकानाखाली सर्वांत खालची पायरी म्हणून गेला. आणि डावीकडच्या मागच्या स्पीकरवर लाल खण टाकून अम्मानं तिच्या लग्नात माहेरून आलेले लाकडी राजा-राणी बसवले. काळा डबा बरा दिसत नव्हता म्हणे.

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मलाही पाठ आहे. पण कधीकधी अंगण खरोखरच वाकडं असतं की नाही? मी त्याच आशेवर कामाला लागलो.

आधी कॉम्प्युटरमधली चाचणी लावली. तीत एक टणटण आवाज एकेका स्पीकरमधून फिरत जातो. समोर डावा, समोर मधला, समोर उजवा, मागचा उजवा, सगळीकडे टण. मागचा डावा, फुस्स. मग सेटिंग पाहिलं, दोन्ही बाजू सारख्या होत्या. मग राहिल्या वायरी. त्या ठोकळ्याच्या पाठीमागे खोचलेल्या असतात, म्हणून शेट्टीच्या दुकानापुढे पोटावर पालथा पडून, हात आत घालून चाचपडायला लागलो. तेवढ्यात शेजारच्या बाई बाहुल्या बघायला आल्या. त्यांना वाटलं मी साष्टांग नमस्कार घालतोय, आणि त्या माझा नमस्कार पुरा होईपर्यंत हात जोडून मागे उभ्या राहिल्या. एरवी मला हसू आलं असतं. त्या दिवशी मी त्यांच्यावर, बाहुल्यांवर आणि एकंदर नवरात्रावर मनातल्या मनात चिडून घेतलं.

मागच्या दोन वायरी मी उलटसुलट केल्या. उजवीची डावीला, डावीची उजवीला. कॉम्प्युटरमध्ये किंवा वायरी खोचण्यात दोष असता तर मुका आवाज आता उजवीकडे जायला हवा होता. तो डावीकडेच राहिला. वायरी मी पुन्हा होत्या तशा खोचल्या.

यानंतर दोन्ही डब्यांची अदलाबदल करायची, हे कोणालाही सुचेल. पण त्यासाठी राजा-राणी उचलावे लागले असते. मी अम्माला विचारलं. ती म्हणाली, “बेडा. मांडलेली बाहुली हलवायची नाही, तुला ठाऊक नाही का.” ठाऊक होतं. एकदा आरती होऊन बाहुल्या बसल्या की विजयादशमीला राजा-राणीला आडवं करून झोपवेपर्यंत त्यांना कोणी हात लावत नाही. मी वाद घालायला हवा होता. कामाची मुदत होती, चिडायला कारण होतं, आणि चिडणं हा माझा स्वभाव आहे. पण खरं सांगतो, तिनं नको म्हटल्यावर मला सुटल्यासारखं झालं. दसऱ्यापर्यंत बिघाड डब्यात असायला हरकत नव्हती.

कारण त्याहून सोपी एक चाचणी होती आणि ती मी टाळत होतो. माझी खुर्ची चाकांवर फिरते. ती अर्धं वर्तुळ फिरवून पाठ पडद्याकडे केली की मागचा डावा स्पीकर माझ्या उजव्या कानाच्या बाजूला येतो. तिथून चितळ खणखणीत ओरडलं असतं तर सगळं कळलंच असतं. वायर नको, बाहुल्या हलवायला नकोत. खुंटीवर हेडफोन होता, तो उलटा घालून पाहिला असता तरी निकाल लागला असता. एकदा मी खुर्ची अर्धी फिरवलीही, तेवढ्यात फोन वाजला म्हणून सरळ केली. फोन वाजला नसता तरी सरळ केली असती.

ते दिवस वाईट गेले. संध्याकाळी चारपासून बायका यायच्या, गाणी म्हणायच्या, कुंकू लावून उसळीचे द्रोण घेऊन जायच्या, आणि मी स्वयंपाकघरात उभा राहून त्यांची गाणी एका कानानं मोजून बघायचो. अंघोळ करताना कानाजवळ बोटं घासून पाहायचो. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. कधी फरक वाटायचा, कधी नाही. दुपारी उजव्या कुशीवर आडवा झालो की घर जरा जास्तच शांत व्हायचं. नवरात्रात आमचा रस्ता शांत नसतो. मी पटकन कूस बदलायचो. फोन मी नेहमी उजव्याच कानाला लावतो हे त्या दिवसांत पहिल्यांदा लक्षात आलं, आणि तो कधीपासून उजव्याला लावतो हे काही केल्या आठवेना. बायको म्हणायची, हाका मारून दमले, ऐकतच नाहीस. पण हे जगातल्या सगळ्या बायका सगळ्या नवऱ्यांना म्हणतात, तो काही पुरावा धरता येत नाही.

नवमीला आयुधपूजा झाली. अम्मानं विळीला, मिक्सरला, स्कूटरला हळदकुंकू लावलं, मग माझ्या खोलीत येऊन की-बोर्डला आणि पाचही स्पीकरना लावलं. मी देवाधर्मातला नाही. पण आपलं खरं आयुध कोणतं हे मला चांगलं ठाऊक होतं, आणि त्याला कोणी कुंकू लावलं नाही याचं मला त्या दिवशी वाईट वाटलं.

दशमीला अर्धं म्हैसूर मिरवणूक बघायला गेलं. रिसॉर्टच्या माणसाचा फोन आला, मी दोन दिवसांत देतो म्हणालो. संध्याकाळी अम्मानं आरती केली आणि राजा-राणीला आडवं केलं. दुसऱ्या दिवशी बायको शाळेत गेली. ती गणित शिकवते. अम्मा जुन्या लुगड्याचे तुकडे घेऊन जमिनीवर बसली आणि एकेक बाहुली गुंडाळायला लागली. कापड निघालं, फळ्या निघाल्या, कोपरा मोकळा झाला. मी मागचा उजवा डबा डावीकडे नेऊन लावला, डावा उजवीकडे. शेवटची आशा तीच होती. खुर्चीत येऊन बसलो आणि चितळ लावलं.

फुस्स.

वायर नाही, डबा नाही, कापड नाही, बाहुल्या नाहीत. आता खुर्ची फिरवायची तेवढी राहिली होती, आणि ते माझ्याच्यानं होईना. मी अम्माला हाक मारली. अम्मालाच का, तर बायको हुशार आहे, तिला खुर्चीत बसवलं असतं तर चाचणी कोणाची चाललीय हे तिनं पहिल्या फटक्यात ओळखलं असतं. अम्माला स्पीकर म्हणजे बाहुल्या ठेवायचा स्टूल. तिला काय कळणार, असं मला वाटलं. तिचे कान मात्र तिखट. गच्चीवर कपडे वाळत घालताना खाली दूध उतू चाललेलं तिला ऐकू येतं.

ती उठली, हातातल्या अर्ध्या गुंडाळलेल्या वाजंत्र्यासकट माझ्या खुर्चीत बसली. तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. मी म्हटलं, एक हरीण ओरडेल, ते कुठून ओरडलं तेवढं सांग. आणि लावलं. चितळ ओरडलं. ती पडद्याकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. मी परत लावलं.

“त्या बाजूनं काही येईना रे,” ती म्हणाली. “डबाच केट्टोगिदे. सुम्ने तलेबिसी करून घेऊ नको.”

डबाच बिघडलाय, उगाच डोक्याला ताप करून घेऊ नको. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. मी तिला हाताला धरून खुर्चीतून उतरवलं. वायरी बदलून झाल्या होत्या, डबे बदलून झाले होते, तरी दोष डब्यातच आहे हे मी मानलं. कुठेतरी जोड सैल असेल, त्या खोक्यात काही जळलं असेल. ज्याला मानायचंच असतं त्याला कारण कुठे लागतं? तात्पुरता उपाय म्हणून मागच्या डाव्याचा आवाज चढवत चढवत शेवटपर्यंत नेला, मग तो मला जेमतेम समोरच्यांच्या बरोबरीचा वाटायला लागला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी मजेत काम केलं. मोर नीट लावला. हत्तीच्या पाण्याचा आवाज थोडा जड केला. मध्ये शीळसुद्धा घातली असेन.

बायको शाळेतून आली ती दारातच थबकली. खांद्यावरची पिशवी खाली ठेवायच्या आधी तिनं डाव्या कानावर हात ठेवला.

“हे काय लावलंयस? तो मागचा डावा केवढ्यानं किंचाळतोय. कोपऱ्यावरच्या फुलवालीपर्यंत ऐकू जातंय.”

मी अम्माकडे पाहिलं. ती शेट्टीला गुंडाळत होती. गुंडाळून झाला होता, तरी गुंडाळत होती.

मग मी खुर्ची फिरवली. पाठ पडद्याकडे, तोंड त्या रिकाम्या कोपऱ्याकडे. चितळ माझ्या उजव्या कानाशी असं ओरडलं की मी खुर्चीत उडालो. बायकोनं येऊन आवाज बंद केला. तिला काही सांगावं लागलं नाही. ती माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

“अम्मा, तुला ऐकू आलं होतं,” मी म्हणालो.

“आलं होतं.”

मला राग आला. भीतीपेक्षा राग बरा, त्यात निदान काहीतरी करता येतं. मी तिला बरंच बोललो. माझं पोट ज्याच्यावर आहे त्यात तू खोटं कसं बोललीस, असंच काहीतरी. माझं संपल्यावर तिनं शेट्टीला ट्रंकेत ठेवलं आणि ट्रंकेतच बघत बोलायला लागली. अप्पांनी एकदा तिला असंच विचारलं होतं, रेडिओचा आवाज हल्ली कमी येतो का. ती म्हणाली, हो, रेडिओच बिघडलाय. एवढं म्हटल्यावर अप्पांच्या चेहऱ्यावर जो आनंद आला तो बघून तिला पुढे काही सांगवेना. ते रेडिओ दुरुस्तीला नेत राहिले. एका दुकानातून दुसऱ्या दुकानात, एकदा तर कोणी चांगला कारागीर आहे म्हणून बसनं बन्नूरला नेला. दर वेळी परत आणून तिला विचारायचे, आता? आणि ती म्हणायची, अजून तसाच आहे. शेवटी डॉक्टरकडे गेले तेव्हा डॉक्टर म्हणाले, एवढे दिवस काय करत होता.

“दसऱ्याच्या आधीपासून बघतेय तुला,” ती म्हणाली. “हाक मारली की उजवीकडून वळतोस. या वेळेला खरं सांगायचं ठरवलं होतं मी. खुर्चीत बसले तेव्हापण ठरवलं होतं. तुझं तोंड बघितलं आणि जमलं नाही रे.”

मला अप्पा रेडिओ पिशवीत घालून बन्नूरच्या बसमध्ये बसलेले दिसले. माझा राग कुठल्या कुठे गेला आणि त्याच्या जागी परत भीती येऊन बसली. बायकोनं तोवर फोनवर कानाच्या डॉक्टरांची सकाळची वेळ घेतली होती. मग तिनं स्टूल ओढला, माझ्या शेजारी बसली, आणि मागचा डावा किती खाली घ्यायचा ते हातानं दाखवत गेली. अजून खाली, अजून, बस. मी तिच्या हाताकडे बघून आवाज लावत होतो. आपल्या कामात दुसऱ्याच्या कानावर विसंबायचं, ही गोष्ट मला सहन होण्यासारखी नव्हती, पण फिल्म गेली ती तशीच. पसंत पडल्याचा फोन नंतर आला. तो मी उजव्या कानानं ऐकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळ करून बाहेर आलो तर अम्मा बाहेरची साडी नेसून, चपला घालून दारात उभी. मी म्हटलं, तू कशाला, तिथे खूप वेळ बसावं लागेल. ती म्हणाली, बसते. बायकोला रजा मिळाली नव्हती, तेव्हा आम्ही दोघंच रिक्षानं गेलो. रिक्षात ती आधी माझ्या डाव्या हाताला बसली होती. मग काय वाटलं कोणास ठाऊक, रिक्षा थांबवून उतरली आणि पलीकडून, माझ्या उजव्या हाताला चढली.

डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी कानात नळी घालून पाहिलं, एका छोट्या बंद खोलीत बसवून बारीक आवाज ऐकवले आणि ऐकू आल्यावर बटण दाबायला सांगितलं. उजव्या बाजूला मी पटापट बटण दाबत होतो. डावीकडे बराच वेळ नुसता बसून राहिलो. काचेपलीकडे अम्मा होती. ती माझ्या अंगठ्याकडे बघत होती.

बाहेर आल्यावर डॉक्टरांनी कन्नडमधून विचारलं, हे कधीपासून आहे. नवीन असलं तर उपचार वेगळे आणि जुनं असलं तर वेगळे, म्हणून नीट आठवून सांगा, म्हणाल्या. मी म्हणालो, फार नाही, आठ-दहा दिवस झाले असतील. दसऱ्याच्या कामाच्या गडबडीत लक्षात आलं.

“सुळ्ळु,” अम्मा स्टूलवरून म्हणाली. खोटं. मग ती डॉक्टरांकडे वळली आणि मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून सांगायला लागली. गौरी-गणपतीच्याही आधीपासून. आधी टीव्हीचा आवाज वाढवायला लागला, मग फोनचा कान बदलला, मग ताटावर बसल्यावर डावीकडून विचारलेलं कळेनासं झालं. हा घाबरेल म्हणून मी बोलले नाही. तिनं काही गाळलं नाही.

डॉक्टरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी होकारार्थी मान डोलावली. मग त्यांनी माझं उत्तर खोडलं आणि अम्मा सांगत होती ते लिहून घ्यायला लागल्या.